गोल पिनचा कीबोर्ड

संगणकाच्या पोटात एक सेल असतो हे मला माहीत नव्हतं. तो सेल आमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला बरोब्बर बसतो, हे मात्र मला बघताक्षणी कळलं. देवानं मला बुद्धी दिली नाही असं मी म्हणणार नाही. पण ती देताना जोडीला थोडा आळस दिला असता, तर पुढचे चार दिवस इतक्या लोकांना त्रास झाला नसता. आणि इतक्या लोकांचे उपकारही माझ्या डोक्यावर चढले नसते. आज ते उपकार मोजायलाच बसलो आहे.

त्याचं असं झालं. मंगळवारी बायकोचा वाढदिवस होता आणि मी तिला नवा कीबोर्ड द्यायचं ठरवलं होतं. तिच्या जुन्या कीबोर्डावरची निम्मी अक्षरं पुसली गेली होती आणि स्पेसची लांब कळ दाबली की गंजलेल्या बिजागरीसारखी किरकिरायची. ती मुलांच्या शाळेत शिकवते. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांच्या. त्यांच्यासाठी तीन वर्षं खपून तिनं एक चित्रकोश तयार केला होता. सहाशे बारा शब्द; प्रत्येकाशेजारी एक चित्र आणि त्या शब्दाची हाताची खूण. हे सगळं त्या जुन्या संगणकात होतं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ते छापखान्यात पोचवायचं होतं. छापखान्याचा मालक भला माणूस, फुकटात छापून देणार होता, पण त्याचं मशीन शनिवारपासून दोन महिने दुसऱ्या कामाला जुंपलेलं. म्हणजे शुक्रवार चुकला की शाळा सुरू होणार आणि मुलांच्या हातात पुस्तक नसणार.

मी मंगळवारी रजा टाकली. बायको शाळेत गेल्यावर जुना कीबोर्ड काढला. नवा लावला. त्याच्या कळांखाली निळे दिवे लागत होते, ते बघून मलाच माझं कौतुक वाटलं. इथे थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण वाढदिवस आहे, तर आतली धूळही झटकावी म्हणून मी संगणकाचं झाकण उघडलं आणि रंगाच्या ब्रशनं सफाई सुरू केली. तेव्हा तो दिसला. गोल, चपटा, चकचकीत.

आता वजनकाट्याविषयी. मला डॉक्टरांनी सगळं मोजून खायला सांगितलं आहे. काट्याचा सेल आठ दिवसांपूर्वी संपला होता, त्यामुळे आठ दिवस मी नजरेच्या अंदाजानं वाढून घेत होतो आणि माझी नजर फार उदार आहे. बायको रोज सेल आणायची आठवण करत होती. मी विचार केला, संगणक तर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याला हा एवढासा सेल काय कामाचा? बनवणाऱ्यानं चुकून ठेवला असेल. मी तो काढला, काट्यात बसवला, आणि काटा सुरू झाला. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच, असं मला वाटलं.

जुना कीबोर्ड मी जिन्यातल्या रॅकवर ठेवला. पहिल्या मजल्याच्या वळणावर आमच्या इमारतीचा एक लाकडी रॅक आहे. ज्याला जे नको ते त्यानं तिथं ठेवायचं, ज्याला हवं त्यानं न्यायचं. कोणी ठेवलं आणि कोणी नेलं हे विचारायचं नाही, असा नियम आहे. हा नियम मीच करवून घेतला. एकदा मी तिथून एक रेनकोट नेला होता. तो घालून जिना उतरत असताना पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर चार माणसांत म्हणाले, "वा! माझ्यापेक्षा तुम्हाला छान बसतो." पुढच्याच बैठकीत मी नियम मांडला आणि माझ्या हस्ताक्षरात रॅकवर चिकटवला. खाली ठळक रेघ मारून.

तासाभरात कीबोर्ड गेलासुद्धा. वस्तूला कदर करणारं घर मिळालं म्हणून मला बरं वाटलं.

संध्याकाळी बायको आली. निळे दिवे बघून खूश झाली. "अहो, किती छान! आता ऋणनिर्देशाचं पान तेवढं टाईप केलं की संपलं," म्हणत तिनं संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. त्यांचा साधारण अर्थ असा होता: माझ्या लक्षात होतं ते सगळं पुसलं गेलं आहे. पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. सेटिंग दुरुस्त करायचं असेल तर डिलीट दाबा.

तिनं एफ-वन दाबलं. काही झालं नाही. मी दाबलं. काही झालं नाही. मग मी जोरात दाबलं. आपल्याकडे दुसऱ्यांदा न ऐकणाऱ्याशी तिसऱ्यांदा मोठ्यानं बोलायची पद्धत आहे. निळे दिवे मंद हसत राहिले.

"काय केलंत?" बायकोनं विचारलं.

"धूळ झटकली," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

ती ओरडली नाही. ती कधीच ओरडत नाही. तिच्या शाळेत ओरडून उपयोग नसतो, त्यामुळे तिची ती सवयच गेली आहे. ती फक्त बघते. त्या बघण्यात काय काय असतं हे मला पंचवीस वर्षांत पाठ झालं आहे. ती चहा टाकायला आत गेल्याबरोबर मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो, 'काटा जरा पुसून ठेवतो' म्हणून तो उचलून आणला आणि सेल पुन्हा होता तिथे बसवला. तरी तीच पांढरी अक्षरं.

"दुसरी प्रत असेलच ना कुठेतरी?" मी धीर करून विचारलं.

"आहे. चार महिन्यांपूर्वीची. त्यात दोनशे शब्द नाहीत."

तिसऱ्या मजल्यावरचे पूलवाले साहेब धावून आले. हे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट बिघडली की त्यांना आधी पाया बघावासा वाटतो. त्यांनी संगणकाखालचं टेबल हलवून बघितलं. मग सगळ्या वायरी काढून यंत्राला दोन तास विश्रांती द्यायला सांगितली. दोन तासांनी स्वतः येऊन, बाह्या सरसावून, त्यांनी एफ-वनवर अंगठा ठेवला आणि सावकाश भार वाढवत नेला. कीबोर्ड किंचित वाकला. "भार घेतो आहे," ते समाधानानं म्हणाले. त्यापलीकडे प्रगती झाली नाही. तरी मी त्यांचा ऋणी आहे. त्या संध्याकाळी आमच्या घरात मनमोकळेपणी बोलणारा तो एकच माणूस होता.

बुधवारी मेकॅनिक आला. माझ्याच वयाचा असून मला काका म्हणतो. त्यानं पडद्याकडे बघितलं आणि लगेच रोग सांगितला.

"काका, तुमचं मशीन जुनं. सुरू होताना ते फक्त गोल पिनच्या कीबोर्डचं ऐकतं. हा नवा चपट्या पिनचा आहे. चपट्याचंही ऐकायचं की नाही, ते आत सेटिंगमध्ये ठरवता येतं. सध्या ते बंद आहे."

"मग चालू करा."

"करतो की. त्यासाठी सेटिंगमध्ये जावं लागेल."

"मग जा."

"जायला कीबोर्ड लागतो."

"हा काय!"

"हा चालत नाही ना, काका. हा चालायला ते सेटिंग चालू पाहिजे."

किल्ली आत आणि दार ओढून घेतलेलं, असा तो प्रकार होता. मी विचारलं, "मशीन पूर्ण सुरू झाल्यावर तरी हा चालेल ना?"

"पळेल! पण सुरू कुठे होतंय? एफ-वन दाबल्याशिवाय ते पुढे जाणार नाही." त्यानं झाकण काढून आत डोकावून बघितलं. "सेटिंग आपोआप पुसलं जात नाही. सेल काढला तरच जातं. कोणी सेल काढला होता का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर विशेष काही नव्हतं.

मेकॅनिकनं सेल काढून उजेडात धरला. "याला पीठ कसं लागलंय?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "काल संध्याकाळी काटा बंद पडला," ती शांतपणे म्हणाली. "मी शाळेतून आले तेव्हा चालू होता. मला वाटलं तुम्ही सेल आणलात." तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मला त्या वाक्यात कळलं.

"पण आता परत बसवलाय ना सेल?" मी म्हणालो.

"सेल परत येतो, काका. आठवण परत येत नाही."

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येईल, पण ती जुनी आहे, हलवली आणि बसली तर माझ्या नावानं बोटं मोडू नका, असं तो म्हणाला. शिवाय पुढचे दोन दिवस तो एका बँकेत अडकलेला. म्हणजे शनिवार उजाडणार. सोपा उपाय एकच. गोल पिनचा कीबोर्ड आणा, मशीन बंद असताना जोडा, सुरू करा, डिलीट दाबा, सेटिंग बदला. पाच मिनिटांचं काम. त्यानं कुठे काय बदलायचं ते कागदावर लिहून दिलं. गोल पिनचा कीबोर्ड मात्र त्याच्याकडे नव्हता. दहा वर्षांत कोणी मागितला नाही म्हणाला. बाजारात मी सात दुकानं फिरलो. एका दुकानदारानं चपट्याला गोल करणारी जोडणी दिली, ती लावल्यावर निळे दिवेही विझले.

तेव्हा मला आमच्या ऑफिसची आठवण झाली. आमच्या भांडारात गोल पिनचे कीबोर्ड ढिगानं पडले आहेत. रोज जेवायला जाताना मी ते काचेतून बघतो. गुरुवारी सकाळी मी भांडारपालासमोर उभा राहिलो. भांडारपाल म्हणजे आमच्या ऑफिसातला सर्वात प्रामाणिक माणूस. तो स्वतःची टाचणीसुद्धा सही केल्याशिवाय टोचत नाही.

"एक कीबोर्ड हवा होता. एका दिवसापुरता."

"कीबोर्ड नाहीत."

"ते काय, तुमच्या मागे!"

त्यानं मागे वळून बघितलं नाही. "ते गेल्या वर्षी नष्ट झाले."

"अहो, दिसताहेत!"

"दिसत असतील. कागदावर नष्ट झालेले आहेत. सही आहे, शिक्का आहे. नष्ट झालेली वस्तू मी तुम्हाला देऊ कशी? आणि दिली, तर उद्या परत आणाल तेव्हा जमा कशात करू?"

त्यानं मला बसवून चहा पाजला. नष्ट वस्तू पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज असतो, तीन प्रतींत करायचा, समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, अशी सगळी माहिती दिली. इतकंच नाही, तर अर्जाचा मसुदाही आपल्या हातानं लिहून दिला. त्याच्या हातून नियम मोडला नाही, पण त्याच्यानं माझं तोंडही बघवत नव्हतं. तो मसुदा मी जपून ठेवला आहे.

आता एकच मार्ग उरला. आपलाच जुना कीबोर्ड शोधायचा. आणि तो कोणी नेला हे विचारायला माझ्याच नियमाची बंदी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

गुरुवारी संध्याकाळी मी दारोदार फिरलो. सरळ विचारायची लाज, म्हणून मी हवापाण्याच्या गप्पा मारून हळूच कीबोर्डवर येत होतो. दातांच्या डॉक्टरांनी मला पुरतं बोलू दिलं. मग ते पायात चपला सरकवून मला हाताला धरून रॅकपाशी घेऊन गेले आणि माझीच सूचना मला मोठ्यानं वाचून दाखवली. "'कोणी नेलं हे विचारू नये.' अक्षर सुंदर आहे हो कोणाचं तरी." पण मग तेच माझ्यासोबत पुढच्या दोन दारांशी आले, स्वतः विचारलं, आणि म्हणाले, "नियम तुमचा आहे, माझा नाही." रेनकोटाचा राग मी त्या दिवशी सोडून दिला.

कोणीही नेला नव्हता. मी दमून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. वर बायको उद्या छापखान्यात काय सांगायचं याचा विचार करत बसली असणार. तिनं मला अजून एक शब्द टोचून म्हटला नव्हता, आणि तेच मला टोचत होतं. तीन वर्षं ती शाळेतून आल्यावर त्या खुर्चीत बसायची आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत तो आवाज ऐकायचो. टक टक टक, मग एक किर्र. टक टक टक टक, किर्र.

मला वाटलं, मला तो आवाज आठवतोय. मग लक्षात आलं की तो ऐकू येतोय. तळमजल्यावरच्या बंद दारातून. टक... टक. बराच वेळ काही नाही. टक. किर्र.

आणि ते दार होतं मोठ्या बाईंचं.

मोठ्या बाई चौतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या, शेवटची अकरा वर्षं मुख्य टायपिस्ट. धाकट्या बहिणीबरोबर राहतात. चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गळलं. त्यांनी मला सात मुद्द्यांचं टाईप केलेलं पत्र पाठवलं. सातवा मुद्दा होता, 'उत्तराची अपेक्षा नाही.' मी अकरा मुद्द्यांचं उत्तर पाठवलं. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. मध्यंतरी त्या आजारी पडल्याचं कानावर आलं होतं. बघायला जायला हवं होतं. कुंड्या हलवल्याशिवाय जायला तोंड नव्हतं, आणि कुंड्या हलवल्या तर मुद्दा क्रमांक तीन मान्य केल्यासारखं झालं असतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण मनात आली. पण आमच्या प्रकरणात गाढव कोण याविषयी मला एव्हाना शंका उरली नव्हती. मी बेल वाजवली.

धाकटीनं दार उघडलं. खिडकीजवळच्या टेबलापाशी मोठ्या बाई ताठ बसल्या होत्या. समोर आमचा कीबोर्ड. संगणक नव्हता. वायरीचं टोक टेबलाच्या पायाला नीट गुंडाळून बांधलं होतं. त्यांचा डावा हात मांडीवर होता. उजव्या हाताचं एक बोट कळीवर ठेवत होत्या, दाबत होत्या, उचलत होत्या. प्रत्येक कळीला वेळ लागत होता.

"या," त्या म्हणाल्या. "अकरा मुद्दे बारा झाले का?"

धाकटी हळूच म्हणाली, "पाच महिने झाले झटक्याला. उजवा हात गेला होता तिचा. आता थोडा थोडा येतोय."

"डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता दाबायला," मोठ्या बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं टाईप केलेल्या बोटांना चेंडू! अपमान वाटतो हो बोटांना. दाबायचीच नाहीत. मंगळवारी रॅकवर हा मिळाला. तीन दिवसांत करंगळी हलली. ठेवणाऱ्याचं भलं होवो. कोण ते विचारत नाही, नियम आहे."

आता यांच्याकडून कीबोर्ड परत मागायचा कसा? मी खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सेल, काटा, पीठ, भांडारपाल, शुक्रवारचे बारा. त्या कोर्टातल्यासारखे प्रश्न विचारत होत्या. शब्द किती? मुलं किती? दुसरी प्रत कधीची?

"कीबोर्ड मिळणार नाही," सगळं ऐकून त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. "बरोबर आहे, बाई."

"काय बरोबर आहे? पुरतं ऐका. तुमची बायको माझ्या आजारपणात सहा वेळा येऊन बसली. माझी जीभ वळत नव्हती तेव्हा तिनं मला हातानं पाणी मागायला शिकवलं. तुम्हाला सांगितलं नसेल, कारण तुमचे मुद्दे चालू होते." त्यांनी श्वास घेतला. "उद्या दहा वाजता मी वर येते. कीबोर्ड माझ्याबरोबर येईल आणि माझ्याबरोबर जाईल. तुमच्या हातात देत नाही. तुम्ही त्यातूनही काहीतरी काढाल."

"पण जिना, बाई? चाळीस पायऱ्या आहेत."

"मोजल्यात मी. पाच महिने खालून मोजतेय."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिनं माझ्या पानात न मोजता वाढलं.

शुक्रवारी दहाला मिरवणूक निघाली. पुढे मोठ्या बाई, डाव्या हातानं कठडा धरून. शेजारी बायको. मागे धाकटी स्टूल घेऊन, दर पाच पायऱ्यांनी टेकायला. त्यामागे मी, कीबोर्ड दोन्ही हातांवर धरून, वायर गळ्यात. पूलवाले साहेब वरून सूचना देत होते, "भार डाव्या पायावर! आता उजवा!" आणि गंमत म्हणजे त्यांची प्रत्येक सूचना बरोबर होती. रॅकच्या वळणावर डॉक्टर पाण्याचा पेला घेऊन उभे होते. बाराव्या पायरीला मोठ्या बाईंचा पाय थरथरला तेव्हा सगळेच थांबलो. मग त्याच म्हणाल्या, "थांबलात का? मला बाराची तारीख आहे." वीस मिनिटं लागली.

त्यांना बायकोच्या खुर्चीत बसवलं. मी मशीन बंद असताना गोल पिन गोल भोकात बसवली आणि बटण दाबलं. तीच पांढरी अक्षरं आली.

"कुठली कळ?"

"डिलीट," बायको म्हणाली. "बाई, डाव्या हातानं दाबलंत तरी चालेल."

"डिलीट उजव्या करंगळीचं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी उजवा हात उचलला. तो हवेतच कापायला लागला. करंगळी कळीपाशी गेली, घसरली, शेजारच्या कळीवर पडली. यंत्रानं काही हरकत घेतली नाही. माझा हात आपोआप पुढे झाला, तो बायकोनं मागे ओढला. पुन्हा हात उचलला. पुन्हा घसरला. घड्याळात पावणेअकरा झाले होते आणि आमच्यापैकी कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. तिसऱ्यांदा करंगळी कळीवर टेकली, थांबली, आणि टक असा आवाज आला.

पडदा निळा झाला.

पूलवाले साहेबांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी रडायला लागली. मीही लागलो, पण मेकॅनिकचा कागद वाचायचं काम माझ्याकडे असल्यामुळे चष्मा पुसतोय असं दाखवलं. मी वाचत गेलो आणि त्या बाणाच्या कळा दाबत गेल्या, खाली, खाली, उजवीकडे. चपट्या पिनचा कीबोर्ड: बंद. एक कळ. चालू. जतन करू का, असं यंत्रानं विचारलं. "विचारतो काय!" म्हणत त्यांनी होकाराची कळ दाबली. संगणक पुन्हा सुरू झाला आणि यंत्राच्या पोटातून सहाशे बारा शब्द जसेच्या तसे वर आले. पहिल्याच पानावर 'पाणी' होतं. चित्र, शब्द, आणि हाताची खूण. मोठ्या बाईंनी ती खूण डाव्या हातानं करून दाखवली. मग उजव्या हातानं.

सव्वाअकरा वाजले होते. ऋणनिर्देशाचं पान अजून राहिलं होतं. "तुम्ही सांगा, मी घेते," मोठ्या बाई म्हणाल्या. बायकोनं त्यांना सवयीची टायपरायटरची मांडणी लावून दिली, शेजारी बसून सांगत गेली, आणि मी हेल्मेट घालून दारात उभा राहिलो. टक टक, किर्र. डावा हात धावत होता, उजव्यासाठी थांबत होता. शेवटी बायको स्कूटरची किल्ली शोधायला उठली, तरी टाईप करणं चालूच होतं. बाराला सहा मिनिटं कमी असताना आम्ही छापखान्यात पोचलो.

आता आमच्या संगणकाला दोन कीबोर्ड आहेत, एक गोल पिनचा, एक चपट्या. मोठ्या बाई रोज चारला वर येतात आणि तासभर टाईप करून, कीबोर्ड काखेत मारून खाली जातात. जिन्याला परवा नऊ मिनिटं लागली. वजनकाट्याला मी नवा सेल आणला.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पुस्तकं आली. मी पहिलं पान उघडलं. ऋणनिर्देश होता, क्रमांक घातलेला, कोर्टाच्या शिस्तीत. मुलांचे आभार, शाळेचे, चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीचे, छापखान्याच्या मालकाचे, मेकॅनिकचे, मोठ्या बाईंचे. सहा मुद्दे. त्याखाली सातवा होता. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी सहाच सांगितले होते."

'७. दुसऱ्या मजल्यावरील गृहस्थांचे आभार. त्यांनी हे बिघडवले नसते तर मी जिना चढले नसते. उत्तराची अपेक्षा नाही.'

मी ते दोनदा वाचलं. मग गॅलरीत गेलो आणि सगळ्या कुंड्या आत घेतल्या.